जाडबारीक अक्षरांची निवड

दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात, यातलं काहीही करायला घेतलं की गिऱ्हाईक हल्ली एक वाक्य हमखास टाकतं, "जरा व्हिंटेज लूक द्या." डिझायनर मग संगणकावर भराभर फॉन्ट उघडून दाखवतो, त्यातला जो जास्त नक्षीदार तो पसंत पडतो, आणि पाटी वर चढल्यावर कळतं की रस्त्यापलीकडून नाव वाचताच येत नाही. शिवाय इंग्रजी नाव झोकात आणि त्याखालचं मराठी नाव मात्र संगणकात जे आयतं हाती लागलं त्या अक्षरात. मला स्वतःला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त खुपते.

स्वतःची पाटी, पत्रिका किंवा अंक करून घेणाऱ्यांसाठी आणि डीटीपीच्या धंद्यात नव्याने आलेल्यांसाठी हे चार शब्द. सगळ्या जुन्या वळणांचा पसारा एका लेखात मावणार नाही, म्हणून एकच घराणं घेतो. इंग्रजी मुद्रणात त्याला 'फॅट फेस' म्हणतात. जाड रेघ चांगली ठसठशीत जाड, बारीक रेघ केसाएवढी, आणि अक्षराच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या रेघा. जुनी सर्कस, जुनं थिएटर, जुन्या पेढीचं लेटरहेड म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं इंग्रजी अक्षर बहुधा हेच असतं.

हे अक्षर पुस्तकासाठी जन्माला आलेलंच नाही. इटलीत पार्मा इथे बोडोनीने आणि पॅरिसमध्ये दीदो घराण्याने अठराव्या शतकाच्या शेवटी जाड आणि बारीक रेघांतलं अंतर खूप वाढवलं होतं, पण ते पुस्तकी, आब राखून वागणारं अक्षर होतं. पुढे लंडनच्या भिंती लॉटरीच्या, नाटकांच्या आणि लिलावांच्या जाहिरातींनी भरू लागल्या. शेजारच्या जाहिरातीपेक्षा आपली ठळक दिसावी या एकाच हेतूने टाइप ओतणाऱ्यांनी उभ्या रेघा फुगवायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही घडामोड, आणि तिच्यात रॉबर्ट थॉर्न या लंडनच्या टाइप फाउंड्रीवाल्याचं नाव अग्रक्रमाने घेतलं जातं. थॉर्न १८२० मध्ये वारला. त्याची फाउंड्री विल्यम थोरोगुडने विकत घेतली, तीही लॉटरीत लागलेल्या पैशातून असं सांगतात. ज्या अक्षरांनी लॉटरीच्या जाहिराती रंगल्या त्यांचा कारखाना लॉटरीच्याच पैशांनी हात बदलतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

शिशाचा मोठा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, जड होतो आणि महागही पडतो. १८२७-२८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी टाइप यंत्रावर कोरायची युक्ती काढली आणि हातभर उंचीची अक्षरं छापखान्यांच्या आवाक्यात आली. म्हणजे पहिल्यापासून या अक्षराचं काम एकच: मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांत, लांबून लक्ष वेधायचं. आज तुम्ही कुठलाही फॅट फेस फॉन्ट उतरवून घ्या, त्याच्या रेघांत याच तीन अटी मुरलेल्या असतात: आकार मोठा, शब्द मोजके, अंतर लांबचं. त्या पाळल्या की तो शोभतो. मेनूकार्डातल्या सगळ्या पदार्थांची नावं, किमती आणि मालकाचं मनोगतही त्यातच बसवलं की त्याच फॉन्टचा वीट येतो. पुरणातल्या जायफळासारखं त्याचं प्रमाण ठेवायचं.

आता 'व्हिंटेज' या मागणीकडे. जुनं म्हणजे कधीचं, हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारा. फॅट फेस १८०० ते १८३० च्या लंडनचा. गोलमटोल, लोण्यासारखं मऊ दिसणारं कूपर ब्लॅक हे अक्षर १९२२ चं, अमेरिकेतल्या शिकागोचं. दोन्हींच्या मध्ये शंभर वर्षं आहेत, पण आपल्याकडे एकाच पाटीवर दोन्ही नांदताना दिसतात, वर सोनेरी वेलबुट्टी. आणि मराठी माणसाच्या आठवणीतलं जुनं तर तिसरंच आहे. ते ब्रशचं आहे: सिनेमाची पोस्टरं, एसटीच्या पाट्या, लोकलच्या स्टेशनांवरची रंगवलेली नावं, कमल शेडग्यांनी नाटकांसाठी केलेली लेटरिंग्ज. त्यामुळे मिसळीच्या दुकानाला 'पूर्वीचं पुणं' किंवा 'जुनी मुंबई' दाखवायची असेल तर फॅट फेस तिथे पाहुणा वाटतो. तिथे 'यात्रा वन' सारखा फॉन्ट जास्त घरचा वाटेल. तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे.

मग फॅट फेस कुठे? सराफी पेढी, साड्यांचं मोठं दालन, बेकरी, नाटकाचं नाव, पुस्तकाचं किंवा अंकाचं मुखपृष्ठ, प्रदर्शनाचं दार, लग्नपत्रिकेतली वधूवरांची दोन नावं. जिथे थोडा थाट चालतो आणि शब्द कमी असतात, तिथे. दवाखान्याला, बँकेला, शाळेला तो लावू नये असं माझं मत आहे. रुग्णाने पाटीवरची नक्षी बघत उभं राहावं अशी कुठल्याच डॉक्टरची इच्छा नसते.

इंग्रजीत या घराण्यातले चांगले फॉन्ट मुबलक आहेत. टाइपटुगेदरचा 'अॅब्रिल फॅटफेस' आणि क्लाउस एगर्स सोरेनसेनचा 'प्लेफेअर डिस्प्ले' हे दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्ही नीट केलेले आहेत. प्लेफेअर फॅट फेसपेक्षा सौम्य आहे. उपशीर्षक, नावाखालची ओळ अशा मधल्या कामांना तो बरा पडतो. मात्र या दोन्हींत देवनागरी नाही. आपली अडचण इथूनच सुरू होते.

महाराष्ट्रात पाटी करायची तर मराठी नाव हा हौसेचा भाग उरलेला नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा झाली. तिच्यानुसार नामफलक देवनागरी लिपीत मराठीत हवा, मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि इतर लिपीपेक्षा ती लहान असता कामा नयेत. लहान दुकानांनाही हे लागू झालं. त्यामुळे इंग्रजी फॉन्ट आधी ठरवून मग मराठी कुठेतरी बसवणं ही पद्धत उलटी करा. आधी मराठी नाव ज्या अक्षरात उत्तम दिसतं ते ठरवा, आणि त्याला शोभेल असं इंग्रजी नंतर शोधा. एकच फॉन्ट दोन्ही लिपी सांभाळत असेल तर उत्तमच.

असा एक फॅट फेस म्हणजे 'रोझा वन'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केला. टिम डोनाल्डसन आणि ज्योतीश सोनोवाल यांनी तो घडवला. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत, आणि दोन्हींचं वजन डोळ्यांना सारखं लागेल अशी काळजी घेतलेली आहे. वजन एकच मिळतं, हलका किंवा तिरपा भाऊ नाही. ते बरंच आहे, कारण मोह होत नाही.

देवनागरीत फॅट फेस करणं सोपं नसतं. इंग्रजीत हिशेब सरळ आहे: उभी रेघ जाड, आडवी बारीक. आपलं अक्षर बोरूतून आलंय, आणि बोरूचं टोक असं छाटलेलं असतं की काना आणि शिरोरेषा दोन्ही अंगाने भरलेल्या येतात. बारीकपणा येतो तो तिरक्या वळणांत. इंग्रजीचा हिशेब आंधळेपणाने उचलला तर शिरोरेषाच बारीक होते, आणि लांबून ती नाहीशी होऊन शब्द सुटा सुटा दिसतो. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्या ओळखायला शिरोरेषेतली फट फार उपयोगी पडते. रेघ बारीक, फट अरुंद आणि पाटी वीस फुटांवर असली की 'भरत' या सज्जन माणसाच्या नावाचं काय होतं ते लिहून पाहा. म्हणून कुठलाही देवनागरी फॅट फेस निवडताना सगळ्यात आधी तुमच्या नावात भ, म, ध, घ आहेत का ते पाहा, आणि असतील तर ते छोट्या आकारात छापून हात लांब करून वाचा.

फॉन्टच्या नमुन्यावर भाळू नका. नमुन्यात टाइप डिझायनर स्वतःला सोपे पडणारेच शब्द ठेवतो. तुमचे शब्द टाका. मी तपासायला काही अडेल शब्द हाताशी ठेवतो: वाऱ्यावर, कर्तृत्व, राष्ट्र, लक्ष्मी, उद्ध्वस्त, ॲडव्होकेट, ऑफिस, कळस, शाल. यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं. 'वाऱ्यावर' मध्ये र चं अर्धं रूप हवं, ते न येता रफार उमटला तर तो फॉन्ट मराठीचा विचार न करता बनलाय असं समजा. 'ॲ' जुन्या फॉन्टांत नसतो, तिथे रिकामा चौकोन येतो किंवा दुसऱ्याच फॉन्टमधलं अक्षर घुसतं, आणि ते भरगच्च पाटीवर चटकन दिसतं. 'राष्ट्र' आणि 'उद्ध्वस्त' मध्ये जाड रेघा एकमेकींत मिसळून काळा गोळा होतो का ते पाहायचं. 'कर्तृत्व' मध्ये वर रफार आणि खाली ऋकार, म्हणजे ओळीची उंची किती लागेल त्याचा अंदाज येतो.

'शाल' हा शब्द साधा वाटेल, पण त्यात मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' आहेत. हिंदी वळणाची ही अक्षरं वेगळी दिसतात, आणि युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच आहे. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी रूप येतं. सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी ठेवून काम केलं तर मराठी रूप फॉन्टमध्ये असूनही ते बाहेर येत नाही. आकड्यांचंही तसंच: ५, ८ आणि ९ यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी आहेत. 'स्थापना १९५८' असं पाटीवर मिरवणाऱ्याने ते आकडे नक्की पाहावेत.

अक्षर ठरलं, आता ते वापरताना होणारे घोळ. पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा: अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस मांडली की रुबाबदार दिसतात, म्हणून कॅन्व्हामध्ये तीच पट्टी मराठीलाही सरकवली जाते आणि शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते. मराठीत अंतर शून्यावर ठेवा. नाव फारच आखूड वाटत असेल तर आकार वाढवा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. दुसरा घोळ, अक्षर आडवं ताणणं किंवा उभं दाबणं. फॅट फेसची सगळी गंमत जाड आणि बारीक रेघांच्या प्रमाणात आहे. फॉन्ट रुंदीत ऐंशी टक्क्यांवर दाबलात की उभी रेघ बारीक होते, आडवी तशीच राहते आणि अक्षर आजारी दिसू लागतं. वरून 'बोल्ड' चं बटण दाबू नका, हा फॉन्ट आधीच जाड आहे.

तिसरा घोळ बाह्यरेषेचा. सोनेरी किंवा पांढरी किनार दिली की युनिकोड फॉन्टात दर अक्षराच्या सांध्यावर उभ्या चिरा दिसतात, कारण शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. कोरल ड्रॉमध्ये आधी कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करा, मग वेल्ड करून ते जोडा, मग किनार द्या. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे ना ते पाहा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. अजूनही अनेक प्रेसमध्ये श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर असतो. तो युनिकोड फॉन्ट लावून वाचता येत नाही, रूपांतर करावं लागतं, आणि रूपांतरानंतर प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं.

वेलबुट्टीबद्दल थोडं. इंग्रजी अक्षराला शेपूट फुटली तरी अक्षर तेच राहतं. मराठीत अक्षराच्या वर आणि खाली जी जागा आहे ती मात्रा, वेलांट्या, उकार आणि अनुस्वारांची आहे. तिथे नक्षी घातली की वाचणारा तिला मात्रा समजतो. वर ठिपका दिला की अनुस्वार झाला, खाली वळसा दिला की उकार झाला. शोभा हवीच असेल तर ती शब्दाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीत किंवा खालच्या रेघेत द्या, अक्षराला हात लावू नका. फॅट फेसला खरं तर नक्षीची गरजच नसते. एक बारीक चौकट आणि भरपूर मोकळा कागद त्याला पुरे होतो.

आकार किती ठेवावा? छपाईत ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. कागदावर फॅट फेस ३० पॉइंटच्या खाली मी नेत नाही, आणि साध्या कागदावर तर त्याहून मोठाच ठेवतो. पाटीसाठी पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: दर दहा फूट अंतराला साधारण एक इंच उंचीचं अक्षर. बारीक रेघांच्या फॉन्टला त्यात थोडी भर घाला. दोन लिपी शेजारी असतील तर पॉइंटचा आकडा सारखा ठेवून भागत नाही, कारण बहुतेक फॉन्टांत सारख्या पॉइंटला देवनागरी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं दिसतं. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीपेक्षा कमी ठेवू नका.

आता छपाई. या घराण्याचं खरं दुखणं इथे बाहेर येतं. केसाएवढी रेघ पडद्यावर सुरेख दिसते, कारण पडद्याला शाई नसते. ऑफसेटवर गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवली, ज्याला प्रेसमध्ये रिव्हर्स म्हणतात, तर शाई थोडी पसरून बारीक रेघ बुजते. काळी अक्षरं असतील तर ती नुसत्या काळ्या शाईची ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा एखाद्या रंगाची प्लेट किंचित सरकली तरी बारीक रेघेला रंगीत सावली पाडतो. पत्रिकेवर सोनेरी फॉइल हवं असेल तर आधी एक तुकडा त्याच कागदावर करून मागा. खरबरीत हातकागदावर फॉइलची बारीक रेघ तुटते, गुळगुळीत कागदावर टिकते. फ्लेक्सवर हे अक्षर मी टाळतो. अॅक्रिलिक किंवा पत्र्याची अक्षरं कापून लावायची असतील तर कापणाऱ्याला सगळ्यात बारीक रेघ किती मिलिमीटरची येतेय ते विचारा, आणि ती कापता येण्याजोगी नसेल तर अक्षर मोठं करा. रेघ जाड करून घेऊ नका, मग तो फॅट फेस उरत नाही आणि दुसरा कुठला साधा ठळक फॉन्ट वापरलेला बरा.

फॅट फेसच्या सोबतीला काय लावावं हा प्रश्न लोकांना उगाच अवघड वाटतो. पत्ता, वेळ, दर, निमंत्रकांची यादी यांना शांत अक्षर हवं. 'एक टाइप' या फाउंड्रीचा 'मुक्त' मोफत आहे, भरपूर वजनांत आहे आणि कुठल्याही नखरेल अक्षराशेजारी मुकाट्याने उभा राहतो. पुस्तकी चेहरा हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' पाहा. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, म्हणजे मराठी वळणाचा विचार तिथे आधीच झालेला आहे. एका पत्रिकेवर दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत, आणि त्यातला नखरेल एकच.

शेवटचा मुद्दा परवान्याचा, तो टाळून चालणार नाही. रोझा वन, यात्रा वन, मुक्त, टिरो यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. धंद्याच्या पाटीवर, बोधचिन्हात, विक्रीच्या पुस्तकात ते बिनदिक्कत वापरा, फक्त फॉन्टच वेगळा विकू नका. पण इंटरनेटवरच्या कितीतरी देखण्या व्हिंटेज फॉन्टांवर 'फक्त खासगी वापरासाठी' असं लिहिलेलं असतं, आणि दुकानाची पाटी हा खासगी वापर नव्हे. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणारे मराठी फॉन्टही बहुतेक कुणाच्या तरी कष्टाचे आणि कुणाच्या तरी मालकीचे असतात. देवनागरी फॉन्टला इंग्रजीच्या कित्येक पट अक्षररूपं आणि जोडाक्षरं काढावी लागतात, आणि त्या कामाचे पैसे देणारे मुळात थोडे. फॉन्ट आवडला असेल तर विकत घ्या, पावती जपून ठेवा, आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या. कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवा आणि प्रूफवर सही करण्यापूर्वी ते घरातल्या कुणाला तरी लांब उभं करून वाचायला द्या. तो अडखळला तर फॉन्ट बदला.